शनिवारची रात्रीची सभा: आकाशवाणीवरचे शास्त्रीय संगीत, भाषणे आणि घड्याळ

षड्जपंचम (धागाकर्ता)

आकाशवाणीच्या रात्रीच्या सभेविषयी, म्हणजे रात्रीच्या प्रसारणाविषयी, लिहायला बसले की बहुतेक जण हळवे होतात आणि मर्फीचा रेडिओ, त्यातला हिरवा डोळा आणि ओसरीवरचे आजोबा एवढ्यातच लेख आटोपतो. तो भाग बाजूला ठेवून इथे एका प्रश्नावर चर्चा व्हावी असे वाटते. दिवसाच्या शेवटच्या दोन-तीन तासांत शास्त्रीय गायन-वादन आणि साहित्य, इतिहास, कला यांवरची भाषणे एकाच पंगतीला बसवण्याची पद्धत नभोवाणीने आपल्याकडे रुजवली. त्या पद्धतीने गाणाऱ्याच्या गाण्यावर आणि बोलणाऱ्याच्या बोलण्यावर नेमका काय परिणाम केला? माझे मत असे की तिने दोघांनाही घड्याळाखाली आणले, आणि हे घड्याळ गाण्याला जाचले असे जे सरसकट म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीने सुरू केले. ती कंपनी १९३० साली बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. पुढे संस्थाने विलीन झाली आणि दरबारी गवयांचा तनखा संपला. अशा वेळी दरमहा ठरलेल्या मानधनाचे कार्यक्रम देणारा, नोकरीत घेणारा आणि गाणे दूरवर नेणारा एकच मोठा यजमान उरला, तो म्हणजे नभोवाणी. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड केंद्रावर संगीत सल्लागार होते, रविशंकर १९४९ ते १९५६ दिल्ली केंद्रावर होते आणि पन्नालाल घोष १९५६ पासून दिल्लीच्या वाद्यवृंदाचे संचालक होते, ही नावे पाहिली तरी या यजमानाचा आवाका कळतो.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले. त्याच वर्षी अखिल भारतीय संगीत कार्यक्रम सुरू झाला आणि शनिवारी रात्री साडेनऊ ते अकरा ही त्याची वेळ पुढे कित्येक वर्षे घरोघरी पाठ होती. १९५४ पासून वार्षिक संगीत संमेलनही भरू लागले. शनिवारच्या या कार्यक्रमाआधी पावणेनऊला हिंदी आणि नऊला इंग्रजी बातम्या लागत, आणि त्यांच्या अलीकडच्या वेळेत प्रादेशिक केंद्रांची भाषणे, परिसंवाद, काव्यवाचन आणि श्रुतिका असत. बातम्या दिल्लीहून येणार आणि त्या सेकंदाला येणार, त्यामुळे अलीकडचे सगळे वेळेत संपायलाच हवे आणि पलीकडचे वेळेत सुरू व्हायलाच हवे.

आता नव्वद मिनिटे या मापाकडे पाहू. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणून गवई तिच्यात रागाचा अर्क काढून देत. खासगी बैठक रात्रभर चाले, पण तिला आमंत्रण लागे, आणि आमंत्रण कोणाला मिळे हे सांगायला नको. नभोवाणीने या दोहोंच्या मधली जागा निर्माण केली. एक मोठा ख्याल सावकाश मांडावा, त्याला द्रुत जोडावी, दुसरा छोटा राग घ्यावा आणि ठुमरीने किंवा भजनाने शेवट करावा, एवढे नव्वद मिनिटांत नीट बसते. आजच्या सभागृहातल्या मैफलीचा साचा पाहिला तर तो रात्रभराच्या बैठकीपेक्षा या साच्याच्या कितीतरी जवळचा आहे.

नुकसानही झाले, ते लपवायचे कारण नाही. सूर्यास्ताच्या सुमाराची वेळ केंद्रांवर शेतकऱ्यांसाठी आणि कामगारांसाठी राखलेली असे, आणि ते योग्यच होते. पण त्यामुळे मारवा, श्री, पूरिया या संधिप्रकाशाच्या रागांना हक्काची वेळ फारशी उरली नाही. साडेनऊनंतरचे बागेश्री, बिहाग, जयजयवंती, केदार मात्र श्रोत्यांच्या कानांत पक्के बसले. माझ्या पिढीतले पुष्कळ श्रोते बागेश्री दोन सुरांत ओळखतात आणि मारवा की पूरिया यावर अडखळतात, याचे एक कारण मला वेळापत्रकात दिसते.

मध्यमलहरी

वेळापत्रकाच्या जोडीला लहरींचाही विचार करायला हवा. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनावरणाचा सर्वांत खालचा थर मध्यमलहरी शोषून घेतो, त्यामुळे केंद्राचा आवाज आसपासच्या जिल्ह्यांपुरताच राहतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात, आणि मग कोल्हापुरात बसून दूरदूरची केंद्रे ऐकू येतात. शास्त्रीय संगीताचा रसिक रात्री सुई फिरवत बसे तो याचमुळे. दक्षिण महाराष्ट्रात तर ७६५ किलोहर्ट्झवरचे धारवाड केंद्र पुण्याइतकेच घरचे होते. १९५० साली ते सुरू झाल्यापासून किराणा आणि जयपूर घराण्याचे गाणे तिथून सीमेच्या अलीकडे सहज येत राहिले.

दिल्लीच्या शनिवारच्या कार्यक्रमाचे गणित मात्र वेगळे होते. उपग्रहाची सोय होण्यापूर्वी दिल्ली तो लघुलहरींवर प्रक्षेपित करी, आमच्याकडची केंद्रे तो मोठ्या एरियलवर पकडत आणि आपल्या मध्यमलहरींवर पुन्हा सोडत. लघुलहरींचा आवाज कमी-जास्त होत राहतो. विलंबित आलापात गवई मंद्रातल्या सुरावर स्थिरावला की नेमका त्याच वेळी आवाज खोल जाई, तंबोरा नाहीसा होई, आणि पुन्हा उसळून येई तेव्हा समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वेळ टळून गेलेली असे. मुंबई-पुण्याच्या स्वतःच्या स्टुडिओतला अर्ध्या तासाचा स्थानिक कलावंत यामुळेच अधिक स्वच्छ ऐकू येई. राष्ट्रीय कार्यक्रमाचे कौतुक करताना स्थानिक सभेचे हे श्रेय विसरू नये.

गल्लीतला_श्रोता

धागाकर्त्यांनी केसकरांच्या कारकिर्दीकडे जरा जास्तच मायेने पाहिले आहे असे वाटते. ज्या वर्षी शनिवारची सभा सुरू झाली त्याच वर्षी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या चाळीत कोणते केंद्र लागलेले असे हे कोणाला विचारायची गरज नव्हती. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली, मात्र ती माघार आहे असे म्हटले नाही. श्रोत्याला चांगले ऐकवायचे तर चांगले दाराशी आणून ठेवावे, दुसरे दार बंद करू नये, एवढे साधे शहाणपण त्या धोरणात नव्हते.

दुसरे असे की ‘श्रोते घडले’ याचा हिशोब करताना पुणे केंद्राची सर्वांत गाजलेली मालिका कोणती हे आठवावे. १९५५-५६ साली झालेले गीतरामायण सकाळच्या सभेत लागत असे. रागांच्या चाली, गदिमांचे शब्द आणि फडक्यांचा आवाज यांनी जितके कान तयार केले तितके नव्वद मिनिटांच्या ख्यालाने केले असतील का, याबद्दल मला शंका आहे. रात्रीची सभा ऐकणारा आधीच तयार झालेला असे.

षड्जपंचम

चित्रपटगीतांबद्दलचा आक्षेप मान्य आहे. तो निर्णय चुकलाच. पण एक फरक करावा लागेल. गीते वगळणे हे धोरण आणि ख्यालाला ठरलेली, न हलणारी, सर्वांना ठाऊक असलेली वेळ देणे हे दुसरे धोरण. पहिले पाच वर्षांत कोसळले, दुसरे टिकले. तुमच्या चाळीतही शनिवारी साडेनऊला कोणीतरी एक घर ते लावत असेलच, आणि भिंती पातळ असतील तर इतरांनाही ते ऐकावे लागत असेल. गीतरामायणाविषयी मात्र तुमचे म्हणणे पटते. त्या सुरांची ओळख सकाळी झाली आणि सविस्तर भेट रात्री, असे झालेले श्रोते मी पाहिले आहेत.

डग्गा_तबला

साथीदार म्हणून स्टुडिओत बरीच वर्षे बसलो आहे, म्हणून घड्याळाविषयी आतून चार शब्द लिहितो.

एकामागोमाग दोन जड दारे ओलांडून आत गेलो की कानांत दडे बसल्यासारखे होते, कारण भिंतींवरच्या छिद्रांच्या पाट्या आवाज परत येऊ देत नाहीत. वातानुकूलनाची थंडी तंबोऱ्याच्या तारांना आणि तबल्याच्या पुडीला मानवत नाही, त्यामुळे बाहेर लावलेले वाद्य आत येताच बदलते. म्हणून जाणते कलावंत अर्धा तास आधी वाद्ये आत नेऊन ठेवत आणि मगच लावायला घेत. काचेपलीकडे निवेदक, शेजारी ड्यूटी ऑफिसर, समोर सेकंदकाटा असलेले मोठे घड्याळ. लाल दिवा लागला की दाद द्यायला कोणी नाही, ‘वाहवा’ नाही, समोर डोलणारी मान नाही. बैठकीत गवई श्रोत्याच्या चेहऱ्यावरून पुढची जागा ठरवतो, इथे तो आमच्या चेहऱ्याकडे पाही. चांगल्या सारंगियाची किंवा तबलजीची मान हलली की गाण्याला धीर येई. ही जबाबदारी आम्हाला कोणी शिकवली नव्हती, ती स्टुडिओने अंगावर टाकली.

शेवटची तीन मिनिटे खरी कसोटीची. काचेतून बोटांनी खूण होई. मुरलेला गवई घड्याळाकडे न पाहताही पाहत असे. तान आवरती घेऊन, मुखडा दोनदा दाखवून तो समेवर असा येई की ऐकणाऱ्याला घाई जाणवत नसे. नवखा असला तर लय मध्येच चढे आणि निवेदकाला आवाज हळूहळू खाली आणावा लागे. लवकर संपले तर उरलेल्या वेळात वाद्यसंगीताचा तुकडा लावत, त्याला केंद्रावर सगळे फिलर म्हणत. थेट प्रसारणाच्या दिवसांत तर एकाच कलावंताला सकाळी तोडी, दुपारी सारंग आणि रात्री बिहाग असे तीनदा यावे लागे. रागाची वेळ पाळण्याचा तो कडकपणा ध्वनिमुद्रण सर्रास होऊ लागल्यावर कागदावर राहिला. दुपारी तीनला दरबारीसारखा रात्रीचा राग मुद्रित करून रात्री लावता येऊ लागला.

घड्याळ जाचले का? ज्याच्याजवळ अर्ध्या तासाचेच गाणे होते त्याचे भले झाले. ज्याला रंग भरायलाच तास लागे त्याच्यावर अन्याय झाला. दोन्ही माणसे मी जवळून पाहिली आहेत.

कोमल_निषाद

साथीचा विषय निघालाच आहे तर पेटीवरच्या बंदीचा उल्लेख राहू नये. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियम बंद झाली. पेटीचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) निघत नाही, श्रुती (सुरांमधली सूक्ष्म अंतरे) दाखवता येत नाहीत, असा युक्तिवाद होता. रवींद्रनाथांसारख्यांचाही तिला विरोध होता. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले, आणि तेव्हाही आधी वरच्या श्रेणीच्या कलावंतांपुरतीच.

हा निर्णय सर्वांत जास्त महाराष्ट्राला लागला असे माझे मत आहे. संगीत नाटकाने पेटी आमच्या घराघरांत आणली होती. गोविंदराव टेंबे, विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर अशा वादकांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. ज्या गावात दर शनिवारी पेटीच्या साथीने भजन होई, त्याच गावात शनिवारी रात्री रेडिओवर तीस वर्षे पेटी नव्हती! बंदीच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येईल: सारंगीवादकांना केंद्रांवर नोकऱ्या मिळाल्या आणि एरवी कदाचित संपले असते ते वाद्य आणखी दोन पिढ्या जगले. पण एका वाद्याला जगवण्यासाठी दुसऱ्याला दाराबाहेर ठेवावे लागते हे मला पटत नाही.

डग्गा_तबला

सारंगीवाल्यांच्या शेजारी बसून मी जे शिकलो ते पेटीवाल्यांच्या शेजारी शिकलो नसतो, एवढेच म्हणतो आणि हा वाद तुमच्यासाठी मोकळा ठेवतो.

दहा_मिनिटे

सगळी चर्चा गाण्याकडे झुकली आहे, आणि धाग्याच्या नावात भाषणेही आहेत. नभोवाणीवरचे भाषण ही मराठी गद्याची एक वेगळी जात आहे असे मी मानतो, आणि तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

भाषण लिहूनच आणावे लागे. करारपत्रात विषय, तारीख आणि मिनिटे दिलेली असत, मजकूर आधी वाचला जाई आणि मगच मायक्रोफोनसमोर बसता येई. दहा मिनिटे म्हणजे साधारण हजार-बाराशे शब्द. व्यासपीठावर तासभर बोलणाऱ्या प्राध्यापकाला हे माप म्हणजे शिक्षा वाटे. ‘उपस्थित सज्जनहो’ नाही, प्रस्तावना नाही, कोणाचे आभार नाहीत. ऐकणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकत नाही, म्हणून कर्ता आणि क्रियापद यांत फार अंतर ठेवता येत नाही. नाव एकदा सांगून ‘त्यांनी’ म्हणत राहिले तर तिसऱ्या वाक्याला कोण ते कळत नाही. कागदांना टाचणी लावायची नाही, पान उलटायचे नाही, तर अलगद बाजूला सरकवायचे, नाहीतर कागदाची सळसळ थेट घराघरांत जाते. ‘प’ आणि ‘फ’ मायक्रोफोनवर फुटतात म्हणून तोंड किंचित तिरके ठेवायचे.

पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर, व्यंकटेश माडगूळकर यांनी आकाशवाणीत नोकऱ्या केल्या. त्यांचे गद्य कानाला इतके सोपे का लागते याचा शोध घेणाऱ्याने ही दहा मिनिटांची तालीम लक्षात घ्यावी. माडगूळकरांचे वाक्य मोठ्याने वाचून पाहा, श्वास कुठेही अडत नाही.

धागाकर्ते म्हणतात की भाषण आणि गाणे शेजारी ठेवण्याचा परिणाम झाला. मला तो भाषणाच्या बाजूने जास्त दिसतो. पुढे साडेनऊला काय येणार आहे हे ठाऊक असलेला श्रोता आठ-सव्वाआठपासून रेडिओजवळ असे, आणि वाटेत एखादे लेण्यांवरचे किंवा संतांच्या अभंगांवरचे भाषण त्याच्या कानांवर पडे. ते ऐकायला तो मुद्दाम सभागृहात गेला नसता.

गल्लीतला_श्रोता

हे मान्य. परंतु तपासलेला मजकूर हीच त्या भाषणांची मर्यादाही होती. सरकारी नभोवाणीवर वादाचा विषय येई तो दोन्ही बाजू घासून गुळगुळीत करूनच. आणि कोण गाणार यावरही सरकारी नीतिकल्पनांची छाया होती. ज्यांच्या खासगी आयुष्याविषयी लोकापवाद आहे अशा गायिकांना स्वातंत्र्याच्या सुमारास नभोवाणीची दारे बंद करण्यात आली होती. ज्या स्त्रियांनी ठुमरी आणि ख्याल शतकभर सांभाळले त्यांच्यावरच ही वेळ आली. कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या गोव्याच्या गायिकांनी मराठी संगीताला काय दिले हे आपल्याला सांगायला नको. रात्रीच्या सभेचा इतिहास लिहायचा तर हे पानही त्यात हवे.

षड्जपंचम

हवेच. आणि त्याच्या शेजारी श्रवणचाचणीचेही हवे. १९५२ नंतर कलावंतांना श्रेणी देण्याची पद्धत बसवण्यात आली तेव्हा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर चाचणी मंडळावर होते, आणि नावाजलेल्या कलावंतांनी ‘आमची परीक्षा घेणारे तुम्ही कोण’ असा पवित्रा घेऊन विरोध केला. राग ओळखा, आरोह-अवरोह सांगा, असे प्रश्न वयोवृद्ध उस्तादांना विचारणे अपमानकारक होतेच. पुढे ध्वनिफीत नाव न सांगता मंडळापुढे ठेवण्याची पद्धत आली. ओळखीपाळखीच्या आपल्या जगात एवढी निःपक्षपाती व्यवस्था दुसऱ्या कोणत्या कलाक्षेत्रात होती ते मला सांगा. ‘बी हाय’ श्रेणी मिळाली की लग्नाच्या बाजारातही भाव वधारतो, हा विनोद मात्र केंद्राच्या कँटीनमध्ये नेहमीचा.

टेम्सकाठ

बाहेरचे एक उदाहरण देतो, कारण घड्याळाच्या मुद्द्यावर ते नेमके उलटे आहे. बीबीसीने २९ सप्टेंबर १९४६ रोजी थर्ड प्रोग्राम हे स्वतंत्र रेडिओ केंद्र सुरू केले. रोज संध्याकाळी सहा ते मध्यरात्र, अभिजात संगीत, नाटके आणि भाषणे. त्याची योजना करताना ठरलेल्या वेळेच्या बातम्यांचा खुंटा मुद्दाम ठेवला नव्हता, त्यामुळे अख्खा ऑपेरा किंवा पाऊण-एक तासाचे व्याख्यान न कापता देता येई. आयझाया बर्लिन यांची १९५२ मधली स्वातंत्र्यविषयक व्याख्याने तिथेच झाली. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी ज्यात ‘बिग बँग’ हे शब्द वापरले तेही १९४९ सालचे त्याच केंद्रावरचे भाषण.

परंतु ही मोकळीक महाग पडली. ऐकणारे थोडे राहिले, १९५७ साली प्रसारणाचे तास बरेच कापले गेले, आणि टी. एस. एलियट, व्हॉन विल्यम्स यांच्यासारखे लोक बचावासाठी उभे राहूनही कपात टळली नाही. आपल्याकडची सभा बातम्यांच्या खुंट्याला बांधलेली होती, म्हणून तिला बातम्यांचा श्रोता फुकट मिळाला. लंडनमध्ये असा उसना श्रोता नव्हता.

षड्जपंचम

हा मुद्दा माझ्या मूळ लेखात असायला हवा होता. उसना श्रोता हा शब्दप्रयोग मी आता वापरणार आहे, आगाऊ आभार.

हडसनपार

आज काय, हे कोणीतरी लिहायला हवे. २६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी आहे. भ्रमणध्वनीवरच्या अ‍ॅपमुळे ती न्यू जर्सीतही खरखरीशिवाय ऐकू येते. जुन्या संग्रहातली ध्वनिमुद्रणे लागतात, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही असतात, तक्रारीला जागा नाही.

अडचण घड्याळाचीच आहे, फक्त आता ती माझ्या बाजूची आहे. उन्हाळ्यात आमच्यात आणि भारतात साडेनऊ तासांचे अंतर असते. तिकडे पहाटे साडेपाचला ललत सुरू होतो तेव्हा माझ्याकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि मी भाकरी थापत असते. तिकडे रात्री दहाला बागेश्री लागतो तो मला दुपारी साडेबाराच्या डब्याबरोबर मिळतो. सुरुवातीला हे विचित्र वाटले, नंतर माझे कान सरळ दोन भागांत विभागले गेले: ललत आणि भटियार हे आता माझे रात्रीचे राग आहेत. माझ्या मुलीला तर ते रात्रीचेच वाटतात, आणि मी तिला दुरुस्त करायचे सोडून दिले आहे.

भाषणांना मात्र मी मुकले. त्या वाहिनीवर गाणे आहे, गाण्यामागोमाग गाणे आहे. दहा मिनिटे कोणीतरी लेण्यांवर बोलले असे होत नाही.

दहा_मिनिटे

@हडसनपार, प्रादेशिक केंद्रांचे प्रसारणही त्याच अ‍ॅपवर असते. पुणे केंद्र निवडा, तिकडची रात्रीची सभा तुमच्या दुपारी ऐकू येईल. भाषणे पूर्वीपेक्षा कमी आहेत आणि मुलाखतींनी त्यांची बरीच जागा घेतली आहे, पण लिहून आणलेले, मोजलेले भाषण अजून अधूनमधून लागते.

मध्यमलहरी

आणि ललत रात्री ऐकणे चालणार नसेल तर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी पहाटे लावा. आकाशवाणीनेही शेवटी तेच केले!

हडसनपार

पहाटे साडेपाचला इथे रेडिओ लावला तर शेजारी पोलिसांना फोन करतील. पुणे केंद्र मात्र आजच निवडते.